दादाचं औषध

"ते सगळं ठीक आहे," समोरच्या मॅडम म्हणाल्या, "पण मेंदूच का? हृदय का नाही? यकृत का नाही?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी घोकून आले होते. आदल्या वर्षी हेच उत्तर पीएचडीच्या अर्जात लिहून मी निरनिराळ्या संस्थांना पाठवलं होतं, 'मानवी मेंदू हे विश्वातलं सर्वांत मोठं कोडं आहे' वगैरे, आणि सगळीकडून अतिशय सभ्य भाषेत नकार घेतला होता. तरी माझी खोड जिरली नव्हती. तेच वाक्य जरा झाडूनपुसून यंदाही सोबत आणलं होतं. पण ऐनवेळी ते असं काही उडालं की 'मानवी'च्या पुढे मला एक शब्द सुचेना.

"माझ्या भावाला फिट्स येतात," मी म्हणाले.

मेजापलीकडे बसलेल्या प्राध्यापकांनी माना वर केल्या. मग मी थांबलेच नाही. शाळेच्या प्रार्थनेत दादाला पहिल्यांदा फिट आली तेव्हा मी पुढच्या रांगेत होते. सरांनी त्याच्या नाकाला चप्पल लावली होती. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, गोळ्यांनी फिट्स कमी होतात पण थांबत नाहीत. फिट आली की घरातलं कुणीतरी धावतं, त्याला कुशीवर वळवतं, डोकं आपटू नये म्हणून खाली हात धरतं आणि 'झालं, झालं, झालं बघ' म्हणत बसतं.

"एवढंच आम्हाला येतं," मी म्हणाले. "ह्याच्यापुढचं काय ते मला शोधायचंय."

एका सरांनी चष्मा काढून पुसला. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्या मॅडमनी माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं. त्या डॉ. मीनल धारप, फेफऱ्यावर काम करणारी त्या संस्थेतली सगळ्यांत मोठी लॅब त्यांची. खोलीबाहेर पडताना मला कळून चुकलं होतं की आपलं काम झालंय.

मी चंदना मगदूम, तासगावची. निकाल कळला त्या दिवशी आईने बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पेढे वाटले. पेढ्याबरोबर तिने बातमी जी दिली ती अशी, "आमची चंदू भरतेशचं औषध शोधायला चाललीय." भरतेश म्हणजे दादा.

"आई, असं नसतं गं," मी तिला समजावलं. "पीएचडीत एक छोटासा प्रश्न घ्यायचा असतो. पाच-सहा वर्षं त्याच्यावरच काम करायचं."

"असू दे की छोटा," आई म्हणाली. "गोळी तरी कुठं मोठी असती?"

खरं तर तिच्यापेक्षा मीच जास्त हवेत होते. दादा तेवढा हसला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, एकदाची जा." तो काय म्हणाला हे मी त्या वेळी नीट ऐकलं नाही. घरात ज्याचं दुखणं असतं त्याचं बोलणं सगळे सांभाळून घेतात, ऐकत मात्र कुणी नाही.

आमच्या संस्थेत आल्याआल्या कुणाच्या हाताखाली काम करायचं ते ठरवत नसत. पहिलं वर्ष तीन लॅबमध्ये आळीपाळीने राहायचं, तिथली कामं करायची, माणसं पारखायची, त्यांनी तुम्हाला पारखायचं, आणि वर्ष संपताना आपली लॅब निवडायची. स्थळं बघण्यासारखाच प्रकार. फरक एवढाच की इथे नकारसुद्धा स्वतः जाऊन तोंडावर द्यायचा असे. जिथे जायचंय त्या प्राध्यापकांना तर भेटायचंच, पण जिथे राहिलात आणि जायचं नाही, त्यांच्याही समोर बसून तसं सांगायचं. मध्यस्थ नाही, चिठ्ठी नाही. ही पद्धत कुणी सुरू केली कोण जाणे, पण नव्या मुलांची झोप उडवायला ती पुरेशी होती.

मला कसली काळजी? माझं ठरलेलंच होतं. धारप मॅडमची लॅब मी मुद्दाम शेवटी ठेवली, गोड घास शेवटी ठेवतात तशी. पहिल्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर आकडेमोड होती, तिथे मला दुपारी हटकून झोप यायची. दुसरी लॅब मी मागितलीही नव्हती. जागा रिकामी होती म्हणून मला तिथे ढकललं गेलं. ती सोमण सरांची, मधमाश्यांची.

लॅब कसली, संस्थेच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड, पोळ्यांच्या लाकडी पेट्या आणि जाळीचा एक मोठा मांडव. सोमण सर वयाने मोठे, पण विद्यार्थ्यांनाही अहोजाहो करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात बारीक ब्रश आणि रंगाची डबी दिली.

"बाई, नावं ठेवा त्यांना," ते म्हणाले.

मधमाशी साखरेच्या पाण्यावर बसली की तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा. कुणाला पिवळा, कुणाला पांढरा, कुणाला निळ्यावर लाल. मग तीच माशी पुन्हा आली की ओळखू येते. निळ्या कागदावर साखरेचं पाणी आणि पिवळ्या कागदावर साधं, असं दोन-चारदा केलं की माशी पिवळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. एवढंच नाही, रोज एका ठरावीक वेळी वाटी ठेवली, तर ती त्याच वेळेला हजर होते. एके दिवशी सरांनी मुद्दाम वाटी ठेवूच दिली नाही. वेळ झाली आणि माझी पांढऱ्या ठिपक्याची माशी आली, रिकाम्या टेबलावर घिरट्या घालू लागली. गेली आणि परत आली. तिळाहून लहान मेंदू, त्यात जागा, रंग, वास आणि वरून घड्याळ, हे सगळं मावतं कुठे?

"आपण फसवलं असं वाटत असेल का हो तिला?" सर अगदी गंभीरपणे म्हणाले.

मी हसले आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की मी दुपारचा डबा उघडलेलाच नाही. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी खाण्याच्या बाबतीत फार नियमित मुलगी.

घरी फोन केला की मी हे काही सांगत नसे. "सध्या माश्यांचं चाललंय, तात्पुरतं," एवढंच म्हणे.

"मध तेवढा खाऊ नकोस," आई बजावायची. आमच्यात मध चालत नाही. तिची माश्यांबद्दलची चिंता तिथे संपायची. "आणि खरं काम कधी सुरू व्हायचं?"

"पुढच्या खेपेला, आई." मग मी दादाला फोन द्यायला सांगायचे आणि विचारायचे, "ह्या महिन्यात किती आल्या?" तो सांगायचा. मी 'गोळ्या वेळेवर घे' म्हणायचे. आमचं बहीणभावाचं बोलणं त्या वर्षात एवढ्यावर आलं होतं.

शेड सोडायच्या दिवशी सोमण सरांनी विचारलं, "मग पुढे काय ठरवलंत?"

"मी धारप मॅडमकडे जाणार आहे, सर. ते ठरलेलंच आहे."

"ठरलेलं असलं की बरं असतं," ते म्हणाले आणि वाटीत साखरेचं पाणी ओतू लागले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी वसतिगृहापर्यंत जाताना माझे डोळे भरून येत होते आणि का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

धारप मॅडमच्या लॅबमध्ये सगळं चकचकीत होतं. तिथे मला शिकवायला फरझाना होती, सोलापूरची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. तोंडाने फटकळ पण मनाने फार चांगली.

काम असं होतं. उंदराला एक औषध टोचलं की थोड्या वेळाने त्याला झटके सुरू होतात. त्याच्या डोक्यावर बसवलेली बारीक तार मेंदूतली वीज टिपते. काचेच्या पेटीत उंदीर, वर कॅमेरा, आणि बाहेर बसलेल्या माणसाने झटक्याची पायरी लिहायची. नुसती मिशी थरथरली तर पहिली, मान हलू लागली तर दुसरी, असं करत उंदीर मागच्या पायांवर उभा राहून कोसळला की शेवटची. मग दुसऱ्या उंदरांना नवं औषध आधी देऊन झटका किती सौम्य होतो ते बघायचं. सगळं रीतसर, परवानगीने, होईल तितक्या कमी उंदरांवर.

"बघायचं आणि लिहायचं," फरझानाने बजावलं. "पेटीला हात लावायचा नाही. हात लावला की तारेतलं सगळं बिघडतं आणि तो उंदीर फुकट जातो. कळलं?"

"कळलं."

सुरुवातीला मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर जुन्या नोंदी बघायला बसवलं. तिथे मी वाकबगार निघाले. झटका येणार हे मला तारेच्या आधी कळायचं. उंदीर क्षणभर थबकायचा, कुठेतरी तिसरीकडेच बघायचा, ते थबकणं मी लहानपणापासून ओळखत होते. फरझाना चाट पडली. "तुला डोळा आहे," ती म्हणाली आणि मॅडमना जाऊन सांगून आली. मी खूश व्हायला हवं होतं.

मग मला पहिल्यांदा पेटीसमोर बसवलं. फरझाना पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर होती. उंदीर थबकला. मिशी, मान, पुढचे पाय, सगळं क्रमाने झालं, मी लिहीत होते. तो उभा राहिला आणि कोसळला आणि त्याचं डोकं काचेवर आपटू लागलं.

त्यानंतरचं मला फरझानाने सांगितलं म्हणून ठाऊक आहे. मी झाकण काढलं, दोन्ही हात आत घातले, उंदराला कुशीवर वळवलं आणि त्याच्या डोक्याखाली तळवा धरला. तार निसटून लोंबत होती. फरझाना धावत आली तेव्हा मी पेटीवर वाकून म्हणत होते, "झालं, झालं, झालं बघ."

"चंदना," ती म्हणाली. फटकळपणाने नाही, अगदी हळू. "हात काढ. थांबलाय तो."

धारप मॅडमना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी मला बसायला लावलं, चहा मागवला.

"चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जैन. प्राण्यांवरचं काम तुला जड जाईल हे मीच आधी विचारायला हवं होतं. त्यात कमीपणा नाही. मी डीनना तसं कळवते, कुणी तुला काही म्हणणार नाही."

केवढी सोपी पळवाट होती! तिथून सन्मानाने बाहेर पडता आलं असतं, आई तर बस्तीत अभिमानाने सांगत सुटली असती. पण ते खोटं होतं.

"तसं नाही, मॅडम," मी म्हणाले. "इंजेक्शन मी देऊ शकते. मला उंदीर दिसतच नाही. मला दादा दिसतो."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुझा हात फार चांगला आहे आणि डोळा त्याहून चांगला. तू आलीस तर मी तुला घेईन, आनंदाने घेईन," त्या म्हणाल्या. "आणि आजचं मनाला लावून घेऊ नकोस. सवय होते. एक दिवस तुझा हात पुढे जायचा थांबेल. सगळ्यांचा थांबतो, माझाही थांबला, त्याशिवाय हे काम होत नाही. तो दिवस तुला हवाय का, तेवढंच घरी जाऊन ठरव."

मी शनिवारी तासगावची एसटी पकडली. मॅडमचं बोलणं मला पटलं होतं आणि म्हणूनच मी घाबरले होते. हात थांबायला नको होता मला. आणि ते मधमाश्यांचं भूत तर मानेवरून उतरतच नव्हतं. रोज वाटी ठेवायच्या वेळेला मला वाटायचं, आता माझी पांढऱ्या ठिपक्याची तिथे आली असेल. पण माश्यांसाठी दादाला सोडायचं? त्याच्या दुखण्याच्या जोरावर मी प्रवेश मिळवला होता. त्याच्या फिट्स सांगून आत शिरायचं आणि आत गेल्यावर माश्यांना ठिपके देत बसायचं, ह्याला काय म्हणायचं ते मला चांगलं ठाऊक होतं.

आमची बेदाण्याची शेड घराला लागूनच. अप्पा, म्हणजे आमचे वडील, आणि दादा मिळून ती चालवतात. रविवारी बायका कामाला नसतात. दादा एकटाच चटईवर बसून ताटातले बेदाणे निवडत होता, हिरवे एकीकडे, काळपट एकीकडे. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"किती आल्या रे ह्या महिन्यात?" मी विचारलं.

"आली बाई. बसली नाही तोच हजेरी," दादा म्हणाला. "तोंड का गं असं? उपाशी ठेवतात काय तिकडं?"

मी त्याला उंदराचं सांगितलं. तो निवडायचं थांबवून ऐकत राहिला.

"आणि काय म्हणालीस म्हणे तू त्याला?"

"झालं, झालं, झालं बघ."

दादा असा हसत सुटला की ताटातले बेदाणे उडाले. "उंदराला! आई घरात उंदीर दिसला तर गल्ली डोक्यावर घेती, आणि तू त्याला मांडीवर घेऊन थोपटालीस!"

"मांडीवर नाही रे."

"तेच ते. मग मॅडमनी हाकलून दिलं काय?"

"नाही. ये म्हणाल्या."

"मग रडालीस कशाला?"

मी रडतेय हे मला तेव्हा कळलं. "मला नाही जायचं तिथे, दादा," मी म्हणाले. एकदा तोंडातून गेलं आणि मग बांध फुटल्यासारखं सगळंच बाहेर आलं. शेड, पेट्या, ठिपके, रिकाम्या टेबलावर परत परत येणारी माशी. मला तेच करायचंय, मरेपर्यंत तेच करायचंय, आणि त्याचा तुला, आईला, कुणाला काही म्हणजे काही उपयोग नाही. दादाने मूठभर बेदाणे उचलले होते ते तसेच हातात राहिले. त्याचा चेहरा मला वाचता येईना. मी आजवर त्याच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट वाचायला शिकले होते.

"थांब जरा," तो म्हणाला. "म्हणजे फिटचं काम तू करणार नाहीस."

"नाही."

"आत्ता नाही, का कधीच नाही?"

"कधीच नाही."

"पक्कं? उद्या परत मन फिरलं म्हणून फोन करशील."

"नाही फिरणार. रागवायचं असेल तर रागव."

दादाने हातातले बेदाणे ताटात सोडले, पाय लांब केले आणि भिंतीला पाठ टेकवली.

"सुटलो बघ," तो म्हणाला.

"कशातनं?"

"तुझ्या औषधातनं."

मी डोळे पुसले.

"राजुलला बघितलीयस तू," तो म्हणाला. "कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात असती ती. चष्मा लावती."

"हं. तिचं काय?"

"लग्न करायचं म्हणतोय आम्ही." हे तो बेदाण्यांकडे बघून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तिला सगळं माहीत आहे. तिच्या ऑफिसातच एकदा आली मला. तिनं वळवलं, शुद्धीवर आल्यावर पाणी दिलं आणि म्हणाली, गोळी चुकली होती काय? बस्स, पुढं काही नाही. तिच्या घरचे पण तयार आहेत."

"मग अडलंय कुठे?"

"तुझ्यापाशी."

"माझ्यापाशी?"

"आई म्हणती, पोरगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात दुखणं बांधायचं नाही. चंदूचं औषध येऊ दे, मग ताठ मानेनं मागणी घालू." दादा हसला, पण ह्या वेळेला ते हसू वरवरचं होतं. "वर्ष व्हायला आलं. फिट आली की आई म्हणती थोडे दिवस कळ काढ, चंदू आणतीय. बस्तीतल्या मावश्या म्हणतात थोडे दिवस. तू फोन करतीस आणि मोजून घेतीस. अगं, जरा निवांत फिट तरी येऊ दे की मला! मला नाही थोडे दिवस काढायचे. मला हेच दिवस काढायचेत."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बहीण आपल्यासाठी जीव काढालीय आणि मी म्हणू, नको शोधूस, मला लग्न करायचंय?"

"आणि औषध नकोच तुला?"

"निघालं तर घेईन की. तुझ्या मॅडम आहेत न्हवं? ती सोलापूरची आहे. तूच कशाला पाहिजेस?"

मला इतकं हलकं वाटलं की काही विचारू नका. त्याबरोबर थोडा अपमानही वाटला हे कबूल करते. एवढ्या वर्षांत मी दादाचं फक्त दुखणं सांभाळलं होतं. त्याच्याशी नीट बोलले होते ते त्या दुपारी. मग आम्ही दोघांनी मिळून ते सगळं ताट निवडलं आणि त्याने मला मधमाशीला झोप लागते का, ती चावल्यावर मरते हे तिला ठाऊक असतं का, असले प्रश्न विचारून भंडावून सोडलं. एकाचंही उत्तर मला धड देता आलं नाही. पुढे त्यातल्या एकावर मी चार वर्षं काम केलं.

संस्थेतलं पुढचं आधीच सांगून टाकते. परत गेल्यावर मी धारप मॅडमसमोर बसून नकार दिला. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. सोमण सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पण तुमचं ठरलेलं होतं ना हो?" मी म्हटलं, "मोडलं, सर." त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. पण हे सगळं सोपं होतं. अवघड काम त्या रविवारी संध्याकाळी घरातच उरकायचं होतं.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. आईने माझ्या आवडीची शेंगदाण्याची आमटी केली होती. दादा पानावर बसल्याबसल्या म्हणाला, "आई, चंदू काय म्हणतीय ऐक."

मी त्याच्याकडे रागाने बघितलं. पण सांगायला तर हवंच होतं. "आई, मी ते फिटचं काम घेत नाहीये. मी मधमाश्यांचं करणार. कायमचं."

आईचा हात आमटीच्या पातेल्यावर थांबला. "आणि औषध?"

"दुसरे लोक शोधतायत, आई. चांगले लोक आहेत. मी नाही शोधणार."

आईने मला वाढलं, अप्पांना वाढलं, दादाला वाढलं. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत. "मी बस्तीत काय सांगू आता?" ती म्हणाली.

अप्पा सहसा जेवताना बोलत नाहीत. "सांग, आमची चंदू माश्यांना शिकवतीय," ते म्हणाले. "तेवढं तरी खरं असंल."

दादाला हसू आलं, मलाही आलं. आईला मात्र आलं नाही. ती आमच्यासमोर खाली बसली. दादाने घास खाली ठेवला.

"आई," तो म्हणाला, "मी तुझं ऐकून थांबलो. औषध येतंय म्हणालीस, बरं म्हटलं. आता औषध काय येत नाही. मला फिट्स आहेत, उद्या पण असतील. आता कशासाठी थांबायचं, सांग."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला तो किती मोठा झालाय हे तेव्हाच दिसलं असावं, कारण तिने पदराने डोळे पुसले आणि खिडकीबाहेर अजून उजेड आहे का ते वाकून पाहिलं.

"आत्ता गेलं तर राजुलच्या घरची जेवणं झाली असतील काय?" तिने विचारलं.

आमच्या घरात पानात काही टाकून उठायची कुणाची छाती नव्हती. दादा अर्ध्या भाकरीवरून उठला, चपला शोधू लागला, आणि आई त्याला काही म्हणाली नाही.